डावा कान जरा वर

चष्म्याच्या दुकानात तिची बत्तीस वर्षं गेली होती. डोळे तपासायचे ते डॉक्टर. तिचं काम त्यानंतरचं. गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवायचं, मिलिमीटरची पट्टी नाकावर धरायची, नाकाच्या मध्यापासून उजवं बुबुळ किती लांब, डावं किती, ते कार्डावर लिहायचं. चष्मा तयार होऊन आला की काड्या गरम करून कानामागे नीट बसतील अशा वाकवायच्या. माणसांची नावं ती सर्रास विसरायची, चेहरे कधीच नाही. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की नवऱ्याच्या कानात कुजबुजायची, "एकतीस-तीस. धातूची फ्रेम चालत नाही, नाकावर पुरळ येतं."

"अगं, त्या बाईंना काही नाव असेल की नाही?" नवरा म्हणायचा.

दुकानातला आरसा कायम गिऱ्हाइकाकडे तोंड करून असे. तिच्या बाजूला त्याची प्लायवुडची पाठ. घरीही आरशापुढे रेंगाळायची तिला सवय नव्हती. भांग सरळ आहे ना एवढं पाहिलं की झालं.

त्या वर्षी मालकांनी दुकानाची फरशी उखडून नवी घालायला काढली आणि तिला तीन दिवसांची सुट्टी मिळाली. नवऱ्याला तेवढंच हवं होतं. तो दोरखंडाच्या कारखान्यात टाइमकीपर. कोण फाटकातून किती वाजून किती मिनिटांनी आत आलं हे लिहिण्यात त्याची हयात गेलेली. गाडीने चार तासांवर असलेलं मोठं शहर त्याने निवडलं. दोघांनीही ते कधी पाहिलं नव्हतं. त्याने वही उघडली, पट्टीने रेघा मारल्या आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर दुसरं काही ठेवू दिलं नाही. खरेदी कुठे, जेवायचं कुठे, आणि सगळे जातात ती ठिकाणं टाळून कुणाला फारशी ठाऊक नसलेली ठिकाणं कुठली, सगळं वेळेसकट लिहिलेलं.

"हे काय? बारा दहा ते बारा पस्तीस, कोट?" तिने विचारलं.

"पंचवीस मिनिटांत कोट होतो."

"तुमचा होत असेल."

"बरं, चाळीस करतो. पण मग पाण्याच्या टाकीला उशीर होईल."

"पाण्याची टाकी बघायला एवढ्या लांब जायचं? गच्चीवर आहे की आपल्या."

"जमिनीखाली आहे ती. रिकामी. आत हाक मारली की सात वेळा ऐकू येते म्हणे. खुद्द शहरातल्या लोकांना माहीत नाही!"

भांडी घासावी लागणार नाहीत, एवढ्यावर ती कुठेही यायला तयार होती.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला दोघं बाजाराच्या मोठ्या रस्त्याला लागले. उजेड राखाडी होता. एवढी माणसं चालत होती पण एकाचीही सावली पडत नव्हती. कपड्यांच्या पहिल्याच दुकानाच्या शोकेसमध्ये हिरवा कोट घातलेली पुतळी उभी होती. तिने कोटाची शिवण पाहिली, कॉलर पाहिली, मग नजर वर गेली, आणि तिच्या हातातली पिशवी सुटून फुटपाथवर पडली.

"काय गं? काय झालं?"

"ताई," ती म्हणाली.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. चौतीस वर्षांपूर्वी, एका दुपारी, सगळे आपापल्या कामात असताना छोटी बॅग घेऊन घरातून निघून गेली होती. तेव्हा ताई सव्वीस वर्षांची, ही एकोणीसची. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. आई-वडील गेले तेही तिचं नाव न काढता. नवऱ्याला एवढंच माहीत होतं की एक बहीण होती.

शोकेसमधल्या पुतळ्यांचे चेहरे कुणाचेच नसतात. हा कुणाचा तरी होता. कपाळ जरा रुंद, वरचा ओठ खालच्यापेक्षा पातळ, डावा कान उजव्याहून किंचित वर. मान थोडी उजवीकडे वळलेली. नुकतंच कुणी काही विचारलंय आणि सांगावं की गप्प बसावं, असा विचार चालल्यासारखी.

"अगं, प्लास्टरची पुतळी आहे," नवरा पिशवी उचलत म्हणाला. "थोडंफार साम्य असतं एखादं."

"बत्तीस वर्षं मी दुसरं काय करतेय? साम्य कशाला म्हणतात ते कळतं मला."

ती पुढे निघाली. दोन दुकानं सोडून ताई पुन्हा उभी होती, या वेळी लाल केसांचा टोप आणि रेनकोट घालून. समोरच्या बाजूला लग्नाच्या पोशाखात. कोपऱ्यावर नर्सच्या गणवेशात, हातात रिकामा ट्रे. चेहरा तोच, कान तोच, मान तशीच वळलेली. ती चालत होती आणि ताई काचेमागून तिच्याबरोबर चालत होती. नवऱ्याने सवयीने मोजायला सुरुवात केली होती. रस्ता संपेपर्यंत एकोणीस झाल्या. विसाव्या दुकानात बिनडोक्याच्या पुतळ्या होत्या. त्या पाहून तिला चक्क हायसं वाटलं.

कोट राहिला. दोन वाजता ती मुकाट्याने नवऱ्यामागून टाकीच्या अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरली. खाली विटांचे खांब, ओलसर गारवा आणि बॅटरी घेतलेला म्हातारा राखणदार. त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. "एकेकाने हाक मारायची," राखणदार म्हणाला, "आणि सातवी येईपर्यंत बोलायचं नाही." नवऱ्याने "कोण आहे रे तिकडे?" म्हणून ओरडून घेतलं आणि स्वतःच हसला. हसूही सात वेळा परत आलं. चौथ्यानंतर ते त्याचं वाटेना.

मग तिने हाक मारली. काय मारायची हे तिने ठरवलं नव्हतं. "ताई" असं तोंडातून निघालं आणि खांबाखांबांतून लांब गेलं, ताई, ताई, आई, आई... सातवी हाक अगदी जवळून आली. मागून, कानाशी. ती दचकून वळली. मागे भिंत होती.

"होतं तसं," राखणदार म्हणाला. "भिंतीला बाक आहे तिथे."

वर येऊन ती पायरीवर बसली आणि नवऱ्याला जे कधीच सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. ताईला मातीकामाचा नाद. वडिलांना ते बिलकूल खपत नसे. एकदा कुठल्या तरी कारखान्याचं ताईला पत्र आलं, कामावर या म्हणून. ताईने ते उशीच्या अभ्र्यात लपवलं होतं. "मी ते काढलं आणि बाबांच्या हातात दिलं. कुणी मला विचारलंही नव्हतं. आपणहून दिलं. बाबांनी तिच्यासमोर फाडलं. आठ दिवसांनी ती गेली."

"का दिलंस?"

"ती जाईल म्हणून," ती म्हणाली. "जाऊ नये म्हणून."

नवऱ्याने वही मिटून खिशात घातली. सहाला पहिल्या मजल्यावरच्या एका खाणावळीत टेबल राखून ठेवलेलं होतं, खिडकीजवळचं, आठवडाभर आधी सांगून मिळवलेलं. मासे ताजे होते, पाव गरम होता. पण खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावरच कपड्यांचं दुकान होतं आणि तिथून तीन ताया थेट तिच्या ताटात पाहत होत्या.

"जागा बदलू या का?" नवऱ्याने विचारलं.

"मग त्या माझ्या पाठीमागे येतील. ते नको."

तिने पाव तेवढा खाल्ला. समोरचं दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. एक विक्रेती शोकेसमध्ये शिरली, पुतळ्यांचे कपडे काढले, एकीचा हात पिळून सोडवला आणि खाली ठेवला. जाताना तिने तिघींच्या डोक्यांवर एकेक चादर टाकली. कापड त्यांच्या नाकांवर टेकून राहिलं. नवऱ्याने हळूच पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच ती हिरव्या कोटाच्या दुकानात हजर. "कोट नको," तिने विक्रेतीला सांगितलं, "ही कुठे बनवतात ते हवंय." अशी चौकशी करणारं गिऱ्हाईक त्या मुलीला नवीन होतं, पण तिने पुतळी बाहेर आणून सतरंजीवर आडवी केली. तळपायावर शिक्का होता. नदीपलीकडच्या लाकूडवखारींच्या मागचा पत्ता. विक्रेतीने टोप काढला तसं गुळगुळीत टक्कल उघडं पडलं. आता नुसता चेहरा उरला.

तिने पर्समधून पट्टी काढली. ती पट्टी घेतल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. गुडघे टेकून ती पुतळीच्या नाकावर पट्टी धरून वाकली. उजवं एकोणतीस. डावं एकतीस. असं दोन मिलिमीटरचं अंतर क्वचित सापडतं. हा आकडा तिने लिहिला होता. स्वतःच्या हाताने, कुणाच्या तरी कार्डावर. कुणाच्या, ते काही केल्या आठवेना.

नवरा पायाशी उभा होता. त्याने वाकून पुतळीचा चेहरा पाहिला, मग तिचा. मग म्हणाला, "अगं, ही तुझी ताई नव्हे."

"मग?"

"ही तू आहेस. मी तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तू अश्शीच बसली होतीस. उजवीकडे मान करून. मला वाटलं, हिला काहीतरी सांगायचंय. शेवटपर्यंत बोलली नाहीस."

मग तिला कार्ड आठवलं. दहा वर्षांपूर्वी वाचायचा चष्मा लागला तेव्हा मालकांनी तिच्या नाकावर पट्टी धरली होती, आणि आकडे तिने लिहून घेतले होते. ती सतरंजीवर आपल्याच डोक्याशी बसली होती. लहानपणी लोक म्हणत, दोघी एकाच साच्यातून काढल्यात. ताई तिला ओळखता आली होती. स्वतःचा चेहरा नाही.

वखारींमागचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. मालक साठीतला, कोपरापर्यंत प्लास्टर सुकून पांढरा झालेला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि हात पुसायचे विसरून म्हणाला, "तुम्ही आलात होय."

"ओळखता मला?"

"चौतीस वर्षं तुमचेच साचे भरतोय. आमच्याकडे दुसरा चेहराच नाही बाई. बाकी करून पाहिले, खपत नाहीत. यासमोर बायका थांबतात. का थांबतात ते देव जाणे." त्याने त्यांना बसायला दोन खोके दिले. "आमच्या बाईंनी आल्या आल्या पहिल्याच महिन्यात केला. माझ्या वडिलांनी विचारलं, कुणाचा? म्हणाल्या, धाकट्या बहिणीचा. हिला दुकानादुकानांत उभी करायची आहे मला."

"उभी करायची?"

"तेच शब्द. वडिलांना वाटलं, माया असेल."

तिला ती माया वाटेना. तिच्या घरी चुकलेल्या पोरीला कोपऱ्यात उभं करत, पाय भरून येईपर्यंत. "आहे का ती?" तिने विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

"आहेत. पण नसल्यासारख्याच. दोन वर्षं झाली, आठवण जात चाललीय. आम्ही नवरा-बायको बघतो त्यांचं. हात मात्र चालतो अजून. डोळे त्याच रंगवतात." त्याने मागच्या खोलीचं दार ढकललं. "आता बुबुळ घालायचं विसरतात. ते मी मागून घालतो."

मागच्या खोलीत फळ्यांवर डोकी ओळीने मांडलेली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. साठ-सत्तर तरी असतील. सगळ्यांचे डोळे पांढरेफेक. सगळ्या उजवीकडे वळून, एकाच दिशेला, आणि त्या दिशेला खिडकीशी एक बारीकशी म्हातारी ब्रश धुत बसलेली. ताईचे केस गेले होते, गाल आत गेले होते. दारात उभ्या राहिलेल्या बाईकडे पाहून ती सहज म्हणाली, "या, बसा. माप द्यायचंय का?"

"ताई, मी आलेय गं. चिमी."

ताईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. उठून ती जवळ आली. चिमीच्या नाकावरचा चष्मा तिने स्वतःच उतरवला, बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला. बोटं थंड होती आणि त्यांना टर्पेंटाइनचा वास होता. अंगठे भुवयांवरून फिरले, नाकावरून खाली आले, कानांशी थांबले.

"नाक बरोबर आहे," ताई म्हणाली. "डावा कान वर, तेही बरोबर. बाकी कुणीतरी बिघडवून ठेवलंय." आणि मालकाकडे वळून तक्रारीच्या सुरात, "कुणी केलं हो हे? किती सुरकुत्या घातल्यात! असं कुठे असतं का?"

नवऱ्याला हसू आलं आणि लगेच त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

ती तासभर तिथे बसली. आई-बाबांचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं. ताई "हो का?" म्हणायची, परक्याला म्हणावं तसं, आणि ब्रश चालवायची. शेवटी गाडीची वेळ झाली. ती निरोप घेऊन दाराशी गेली तेव्हा मागून ताईचा वेगळाच आवाज आला. तरणा, भांडखोर, ओळखीचा.

"चिमे, तूच दिलंस ना गं ते बाबांना?"

ती गर्रकन वळली. ताई तिच्याकडे बघत नव्हती. समोर टेबलावर ठेवलेल्या डोक्याशी बोलत होती. पांढऱ्या डोळ्यांचं ते डोकं उजवीकडे वळून गप्प होतं. ताई वाट पाहत होती, ब्रश हातात धरून. ती किती वर्षं अशी विचारत असेल आणि वाट पाहत असेल, या विचाराने मालकाच्या अंगावरसुद्धा काटा आला, असं त्याने पुढे तिला सांगितलं.

ती चवड्यांवर चालत टेबलामागे गेली, डोक्याच्या मागे खाली बसली आणि म्हणाली, "हो ताई. मीच दिलं."

"वाटलंच मला," ताई डोक्याला म्हणाली. "बोलायला किती वेळ लावलास."

"रागावलीस?"

"तेव्हा होते. नंतर रोज तुझं तोंड बघावं लागायचं. रोजच्या माणसावर कुठवर रागवायचं?" तिने ब्रश रंगात बुडवला. "हलू नकोस. डोळा फिसकटेल."

ती हलली नाही. गाडी चुकली. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा चुकलेल्या गाडीची वेळ कुठे लिहिली नाही.

त्यानंतर दोन वर्षं, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, ती चार तासांचा प्रवास करून जात राहिली. समोर बसली तर ती ताईसाठी कुणी परकी बाई असे. म्हणून ती स्टूल टेबलामागे ओढून घ्यायची आणि डोक्याआडून बोलायची. ताई खुदखुदायची, रागवायची, आईचं आंबट लोणचं चाखल्यासारखी तोंडं करायची, सगळं त्या प्लास्टरकडे बघून. दोघींची नजरानजर एकदाही झाली नाही. सुरुवातीला तिला हे सहन व्हायचं नाही. खोलीभर आपलीच पांढऱ्या डोळ्यांची डोकी, आणि बहिणीची माया त्यांतल्या एकीच्या वाट्याला. पुढे सवय झाली, पण दिवस मावळायच्या आत ती निघायची. एकदा उशीर झाला होता आणि अंधूक उजेडात तिला वाटलं होतं की टेबलावरचं डोकं तिच्याआधी "हो ताई" म्हणालं. हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही; मला सांगितलं, तेही दुकानात माझ्या चष्म्याची काडी वाकवत, मान वर न करता.

दुसऱ्या हिवाळ्यात ताई झोपेतच गेली. त्याच सुमाराला दुकानांना बिनडोक्याच्या पुतळ्या स्वस्त पडू लागल्या आणि मालकाने चेहऱ्यांचं काम बंद केलं. त्याने निरोप पाठवला: मूळ साचा फोडायचाय, अडगळ होते, तुम्हाला यायचं असेल तर या.

ती एकटीच गेली. साच्याचा पुढचा अर्धा भाग भिंतीला टेकवून ठेवला होता. आत खोलगट, उलटा चेहरा, नाकाच्या जागी खड्डा. पण दोन पावलं मागे सरकल्यावर तो खड्डा उरला नाही. चेहरा उठून बाहेर आला. ती डावीकडे गेली, तो तिच्यामागे वळला. उजवीकडे गेली, तसा उजवीकडे. मालक म्हणाला, "खोल साच्याचं असंच असतं बाई, नजरेचा खेळ." तिलाही ते माहीत होतं, डोळ्यांच्या धंद्यातलीच ती. तरी ती पुन्हा एकदा त्याच्यासमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि एकोणीस वर्षांची ती पोर मान वळवत तिच्याकडे बघत राहिली.

"हातोडा तुम्ही घेता का?" मालकाने विचारलं.

"नको. तुम्हीच मारा," ती म्हणाली. "पण जरा थांबा. आधी तिला भिंतीकडे तोंड करून ठेवा."

त्याने तसं केलं. तीन घावांत काम झालं. परतीच्या गाडीत तिला जागा मिळाली आणि चारही तास ती गाढ झोपली.